पुस्तकं आवडतात म्हणून बी.लिब.ला अॅडमिशन घेतलं, आणि आता कोर्सच नको वाटतोय

"मॅडम, मला वाचायला प्रचंड आवडतं म्हणून शाळेत लायब्रेरियन व्हायचं ठरवलं, पण कोर्स सुरू झाला आणि यात पुस्तकं कुठेच नाहीत हो, नुसते आकडे आणि नियम. माझं चुकलं का?"

समुपदेशन करताना हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय, आणि आता काही पुरुषांकडूनही, की एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. येणाऱ्या बहुतेक जणी तिशी-पस्तिशीच्या असतात, मुलं जरा मोठी झालेली, मधे नोकरी सुटलेली. कुठलीही पदवी असली की एका वर्षात बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) होतं, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून घरी बसून करता येतं, म्हणून हा रस्ता निवडलेला असतो. दोन-तीन महिने जातात आणि मग ही शंका सुरू होते.

वृषालीचं (नाव आणि काही तपशील बदललेत, तिला विचारून लिहितेय) अगदी हेच होतं. आधी एका खाजगी कंपनीत डेटा एंट्री करायची, मग दहा वर्षं घरी. पहिल्या दिवशी बसल्या बसल्या म्हणाली, "सासूबाई म्हणतात पुस्तकं उचलून ठेवायला कसली आलीय डिग्री, आणि मला राग येतो, पण रात्री वर्गीकरणाचं पुस्तक उघडलं की वाटतं त्यांचंच बरोबर आहे." म्हणजे घरचं बोलणं तिला लागत होतं कारण तिला स्वतःलाही तेच वाटत होतं. घरच्यांना कसं उत्तर द्यायचं यावर आम्ही म्हणूनच फार वेळ घालवला नाही.

मी समोरच्या माणसाचा भूतकाळ उकरत बसत नाही. अडचण जिथे थोडी तरी सैल झालेली असते ती जागा शोधायची आणि तिथून पुढे जायचं, माझं काम असं चालतं आणि त्यावरचा माझा विश्वास वर्षागणिक वाढलाच आहे. म्हणून मी तिला विचारलं, कोर्स सुरू झाल्यापासून असा एखादा दिवस गेला का की 'माझं चुकलं का' हे डोक्यात आलंच नाही?

"नाही. एकही नाही."

मी म्हटलं घाई नाही, घरी जाऊन आठव. पुढच्या वेळी आली ती दारातूनच म्हणाली, "एक दिवस होता, पण तो वाईट दिवस होता."

ती प्रात्यक्षिकासाठी एका मराठी शाळेच्या लायब्ररीत जात होती. लायब्ररी म्हणजे एक खोली, गोदरेजची कपाटं, पुस्तकं दाखल क्रमांकाने लावलेली, म्हणजे ज्या क्रमाने विकत घेतली त्या क्रमाने, त्यामुळे व्याकरणाशेजारी शिवचरित्र आणि त्याच्याशेजारी पाककृती. सहावीतला एक मुलगा आला. त्यांच्या वस्तीत साप निघाला होता, लोकांनी मारला, आणि याला बघायचं होतं की तो विषारी होता की नाही. वृषालीने रजिस्टर काढलं, पानं उलटत बसली, नोंद सापडली पण कपाट सापडेना, किल्ली दुसऱ्या सरांकडे. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि मुलगा पळाला. पुस्तक नंतर मिळालं. तो परत आला नाही.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी मी ते अख्खं कपाट रिकामं केलं मॅडम. कुणी सांगितलं नव्हतं. जेवले पण नाही."

"कोणावर चिडली होतीस?"

"कपाटावर!" आणि मग एकदम आवाज भरून आला तिचा. "पुस्तक होतं ना. शाळेकडे होतं. चांगलं चित्रांचं होतं. आणि त्याला नाही मिळालं."

अशा वेळी मी पटकन काही बोलत नाही, नवीन समुपदेशकांनाही मी हेच सांगते की इथे थांबा. थोड्या वेळाने एवढंच विचारलं, "कसं ठेवलं असतं म्हणजे मिळालं असतं?"

ती विचार न करता बोलून गेली, "५९७.९६ ला. सगळे साप एका जागी येतात. आधी बेडूक, मग कासवं, सरडे, मग साप, पुढे मगरी, आणि ५९८ ला पक्षी." आणि बोलता बोलता थांबली. पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देणाऱ्या ज्या ड्युई दशांश पद्धतीला ती दोन महिने शिव्या घालत होती तिचे आकडे तिच्या तोंडात होते आणि एका मुलासाठी आले होते.

मला त्या क्षणी जे दिसलं ते मी तेव्हापासून प्रत्येकीला सांगते. वाचनाची आवड आपली आपल्यापुरती असते, मला काय आवडलं, माझा वेळ कसा गेला. हा कोर्स मात्र सगळा दुसऱ्याच्या वाचनाबद्दल आहे. म्हणून वाचणाऱ्या माणसाला तो सुरुवातीला कोरडा लागतो, त्यात तो स्वतःला शोधत असतो आणि तिथे तो नसतोच. तिथे तो सहावीतला मुलगा आहे.

मग तिला काम दिलं. कुठलाही टॉपिक वाचायला घेतलास की प्रॅक्टिसच्या शाळेतलं एक मूल समोर धरायचं. तालिकीकरणाचे, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याचे, नियम वाचताना तिने आठवीतली एक मुलगी धरली, जी कुसुमाग्रज म्हणून शोधत येईल पण पुस्तकावर वि. वा. शिरवाडकर छापलेलं असेल, आणि ती आज रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून तर टोपणनावाकडून खऱ्या नावाकडे नेणारी ती नोंद करायची असते. परीक्षेत तिला तालिकीकरणात जेमतेम मार्क पडले, अजूनही तो विषय आवडत नाही, पण चुकलं का हा प्रश्न गेला. आवडलंच पाहिजे असं काही नाही, कशासाठी आहे ते कळलं की माणूस नावडतं कामही नीट करतो.

तिला मी रंगनाथनांची गोष्टही सांगितली. डॉ. एस. आर. रंगनाथन, ज्यांच्या जन्मदिवशी, १२ ऑगस्टला, आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो, ते मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत इतके कंटाळले की मला परत शिकवायला घ्या म्हणून कॉलेजात जाऊन विनवणी केली. त्यांना सांगितलं गेलं, आधी इंग्लंडला जाऊन हे शास्त्र शिकून या, तरी नको वाटलं तर जागा तुमचीच. ते गेले, तिथली ग्रंथालयं बघितली, लोक ती कशी वापरतात ते बघितलं, परत आले आणि पुन्हा गणिताकडे गेले नाहीत. १९३१ मध्ये त्यांनी जे पाच नियम मांडले त्यातला 'वाचकाचा वेळ वाचवा' हा वृषालीच्या नोट्समध्ये आधीपासून होता, पाठही होता. त्या घंटेनंतर तिला तो कळला.

आता ज्यांना हीच शंका आहे त्यांच्यासाठी थोडं रोखठोक. शांतता आवडते म्हणून शाळेची लायब्ररी निवडत असाल तर पुन्हा विचार करा. मधल्या सुट्टीत चाळीस मुलं एकदम येतात, कुणाला भुताचं हवं असतं, कुणाला फक्त पंख्याखाली बसायचं असतं. अबोल माणसं हे काम उत्तम करतात, मी बघितलंय, कारण ती मुलांचं ऐकतात, पण ज्याला माणसंच नको आहेत त्याला इथे त्रास होईल. खात्री नसेल तर आधी प्रमाणपत्र वर्ग करा, तो काही महिन्यांचा असतो, मग बी.लिब.वर वर्ष घालवा. सीबीएसई शाळा, केंद्रीय विद्यालयं ग्रंथालयशास्त्राची पदवी किंवा डिप्लोमा बघतात. आपल्या अनुदानित शाळांमध्ये पद पटसंख्येवर ठरतं, बरेचदा अर्धवेळ असतं, हे डोळे उघडे ठेवून स्वीकारा. कोहा किंवा ई-ग्रंथालय यातलं एक सॉफ्टवेअर हाताने चालवून बघा. आणि मुलांना गोष्ट वाचून दाखवणं, पुस्तकाबद्दल बोलतं करणं बी.लिब.मध्ये फारसं शिकवत नाहीत, त्यासाठी टाटा ट्रस्ट्सच्या पराग उपक्रमाचा लायब्ररी एज्युकेटर्स कोर्स आहे, गोव्यातल्या बुकवर्म या ग्रंथालय संस्थेचं कामही जाऊन बघण्यासारखं आहे.

वृषाली आता एका खाजगी शाळेत लागलीय. पगार मनासारखा नाही, ते ती लपवत नाही. पण इंटरव्ह्यूला जाताना आम्ही मिळून तीन प्रश्न ठरवले होते आणि ते तिने शाळेलाच विचारले: वेळापत्रकात प्रत्येक वर्गाला लायब्ररीचा तास आहे का, वर्षाला नव्या पुस्तकांसाठी किती पैसे आहेत आणि ती निवडणार कोण, आणि कपाटांच्या किल्ल्या कोणाकडे राहणार. तिसऱ्या प्रश्नावर मुख्याध्यापिका जरा गोंधळल्या, म्हणाल्या ऑफिसमध्ये. वृषाली म्हणाली, मग त्या माझ्याकडे लागतील, आणि मधल्या सुट्टीत कपाटं उघडी राहतील. त्यांनी मान्य केलं आणि मगच तिने हो म्हटलं.