पन्नास घरांची वही

सांगली, दिवाळीनंतरचा आठवडा

प्रिय बाळा,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटेना, म्हणून हे पत्र लिहायला बसले. ‘काकू, चटणी चांगली झालीय, पण जाहिरातीला हातात रुपया नाही,’ असं तू लिहिलंयस. पुण्यातली नोकरी सुटल्यावर तू घरी आलास आणि आईच्या मदतीला उभा राहिलास, याचं मला फार बरं वाटलं. गेल्या महिन्यात तू दिलेली, भाजी-आमटीत घालायच्या चटणीची पुडी आम्ही संपवली. चटणी खरंच चांगली आहे, त्यामुळे आता पुढचं बोलता येईल.

आधी मला एक सांग. आजवर ज्यांनी तुमच्याकडून चटणी नेली, त्या सगळ्यांची नावं तुला सांगता येतील? कोणी किती नेली, कधी नेली, परत आलं की नाही? तू म्हणशील, आईला माहीत असेल. आईला तोंडपाठ असेलही, पण ते कागदावर उतरायला हवं.

माझ्या कपाटात बत्तीस वर्षांच्या वह्या आहेत. शंभर पानी, पुठ्ठ्याच्या, कोपरे मिरचीने लाल झालेले. पत्र लिहिण्याआधी सगळ्यात जुनी वही काढली. त्यातली एक ओळ जशीच्या तशी उतरवते: ‘शाळेतल्या बाई, गावभाग. अर्धा किलो, १२ जून. तिखट कमी लागतं. मुलगी पुण्याला होस्टेलवर. मीठ बेताचं.’ एवढीच ओळ. पण तिच्या जोरावर मी जुलैच्या शेवटी बाईंना फोन केला. ‘बाई, चटणी संपत आली असेल. मुलीसाठी वेगळी पाव किलो बांधून ठेवू का, कमी तिखटाची?’ मुलीचं तिखट माझ्या लक्षात राहिलं, याचंच त्यांना अप्रूप वाटलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्याच शाळेतल्या आणखी तिघी आल्या. त्या तिघींना बाईंनी चटणीचं काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण ‘त्या आठवण ठेवून फोन करतात’ हे नक्की सांगितलं होतं, कारण तिघींनीही आल्या आल्या स्वतःहून आपापल्या घरचं तिखटाचं प्रमाण सांगितलं.

तेव्हा आजच वही कर. पन्नास घरं हे पहिलं उद्दिष्ट ठेव. पाचशे नकोत, पन्नासच. घरात माणसं किती, तिखट कसं, शेवटचं कधी नेलं, एवढं लिहीत जा. चार-सहा महिन्यांत तुला कळायला लागेल की कुठल्या घरात किलोभर चटणी महिन्यात संपते आणि कुठे तीन महिने पुरते. त्या अंदाजाने आठवडाभर आधी फोन करायचा. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते, त्यांच्या मागे आत्ता लागू नकोस. त्यांची बरणी तळाला जाते ती साधारण फेब्रुवारीत, नव्या मिरचीची कांडपं सुरू व्हायच्या आधी. त्यांच्या नावापुढे ‘फेब्रुवारी’ लिही आणि तोवर गप्प बस. तुझी खरी गिऱ्हाइकं म्हणजे दवाखान्यातल्या सिस्टर, बँकेतली जोडपी, खोल्या करून राहणारी पोरं. ज्यांना डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीत, रांगेत उभं राहायला वेळच नाही, अशी सगळी.

आता लोक काय सांगतील त्याबद्दल. तुझ्या पुडीवर तू ‘उत्तम दर्जा, घरगुती चव’ छापलंयस. बाजारातल्या प्रत्येक पुडीवर हेच असतं. हे वाक्य कुठलीही बाई शेजारणीला सांगत नाही. शेजारणीला सांगण्याजोगं तुमच्याकडे काय आहे ते मी तुझ्या आईच्या अंगणात पाहिलंय. ती मिरचीचे देठ हाताने काढते, कांदा उन्हात चांगला सुकवते आणि मगच तळते. कांडून आणलेली चटणी लगेच भरत नाही, दोन दिवस फडकं बांधून मुरू देते. ‘त्यांची चटणी मुरलेली असते’ हे चार शब्द कोणीही कोणालाही सांगू शकतं. पुडीवर तेच लिही. खाली ‘रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी’ असंही लिही, पण खरोखर तीच मिरची वापरत असशील तरच. कर्नाटकातल्या ब्याडगी मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मिरचीचंच. ते नाव दुसऱ्याच मिरचीवर लावणं म्हणजे तिथल्या शेतकऱ्याचं नाव चोरणं आहे. आणि सांगली-कोल्हापूरच्या बायका रंग तेलात सुटला की मिरची ओळखतात. कांडल्याची तारीख, वजन आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक ठळक दिसू दे. अनोळखी माणूस पुडी उलटी करून आधी तेच बघतो.

लिज्जत पापडाची गोष्ट तुला ऐकून माहीत असेल, पण तिच्यातला एक भाग लोक सांगत नाहीत. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, इथवर सगळे सांगतात. पुढे असं झालं की सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांना पैशाची मदत करणाऱ्या छगनबाप्पांनी सांगितलं की एकच करा, चांगलाच करा, आणि त्यात तडजोड करू नका. हा सल्ला मला जाहिरातीचाच वाटतो. दोन प्रती असल्या की गिऱ्हाईक तुझं नाव सांगताना अडखळतं, ‘त्यांच्याकडचा घे, पण तो दुसरा नको हं’. तू गेल्या महिन्यात हॉटेलवाल्यांसाठी हलकी चटणी काढायचं म्हणत होतास. बाळा, निदान दोन वर्षं तरी काढू नकोस. जाहिरातीला पैसे नसलेल्या माणसाकडे नाव हीच काय ती शिल्लक असते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका पावसाळ्यात मी स्वस्त मिळालं म्हणून जुनं खोबरं घेतलं आणि अख्खी खेप खवट झाली. मला कळलं तोवर चौदा घरांत चटणी पोचली होती. ती रात्र मी झोपले नाही. सकाळी वही घेतली, छत्री घेतली आणि चौदाही घरी गेले. ‘चटणी बिघडलीय, परत द्या, चार दिवसांत ताजी आणून देते,’ असं प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं. दोन घरांत तर डबा अजून उघडलाही नव्हता. एका घरातल्या आजी म्हणाल्या, ‘आम्हाला काही वाटलं नव्हतं गं.’ तरी मी उचलून आणली. त्या महिन्यात तोटा झाला, पण त्या चौदापैकी एकही घर सुटलं नाही. वही नसती तर मी कोणाच्या दारात जाणार होते?

आता संक्रांतीचं बोलते, कारण त्यासाठीच तुला घाई करायला हवी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदी-कुंकू असतं आणि बायका वाण लुटतात. प्लास्टिकच्या डब्या, गाळण्या, पावडरचे डबे. त्याच त्या वस्तू दर वर्षी घरात येऊन पडतात आणि देणारीलाही वेगळं काही सुचत नसतं. तू पन्नास ग्रॅमच्या नेटक्या पुड्या कर. कापडाची छोटी पिशवी आईला शिवता येईल, शिंप्याकडच्या चिंध्या चालतील. वर नाव आणि फोन नंबर, आजीलाही चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा मोठा. आत एक चिठ्ठी: ‘वाटीभर मोडाच्या मटकीला दोन चमचे.’ मग वहीतल्या पाच-सहा बायकांना आत्ताच विचार, यंदा वाणाला काय ठरवलंय. एकीने जरी पन्नास पुड्या घेतल्या तरी त्या पन्नास वेगवेगळ्या स्वयंपाकघरांत जातात. पैसे ती देते, आणि ओळखीच्या बाईच्या हातून आलेली वस्तू म्हणून ती उघडलीही जाते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा विश्रामबागच्या एका ताईंनी साठ पुड्या नेल्या होत्या. होळीपर्यंत त्यातल्या नऊ घरांचे फोन आले. त्या नऊपैकी काही घरं आजही वहीत आहेत, आता तिथल्या सुना फोन करतात. पुड्यांचा भाव मात्र पाडू नकोस. वाण म्हणून देताना त्या बाईला ते दिमाखात देता यायला हवं.

मे महिन्यात माहेरपणाला आलेल्या मुली परत निघतात, तेव्हाही असंच. पुणे, मुंबई, कोणी दुबईला, कोणी अमेरिकेला. बॅगेत तेल उतरणार नाही अशी दुहेरी पिशवी करून, वर चिकटपट्टी मारून दे. एवढ्या एका गोष्टीसाठी त्या तुझ्याकडे येतील.

मोबाईलचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून थोडक्यात लिहिते. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, त्यात वस्तूंची यादी भावासकट लावता येते. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून पुडी हातात देतानाच ‘नंबर सेव्ह करता का?’ असं विचार. महिन्याला दोन निरोप पुरे, नवी खेप कधी कांडली आणि किती शिल्लक आहे. रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवलीस तर लोक तुला गप्प करून टाकतील. दुसऱ्यांच्या गटांत विचारल्याशिवाय काही टाकू नकोस.

गूगलवरची धंद्याची नोंदही फुकट होते. घरातून धंदा असेल तर पत्ता लपवून नुसता परिसर दाखवता येतो. फोटो स्वतः काढ, आई देठ काढतेय असा, सकाळच्या उन्हात. ज्याने चटणी खाल्लीय त्यालाच अभिप्राय लिहायला सांग, आणि त्याबदल्यात पुडी देऊ नकोस. गूगलच्या नियमात ते बसत नाही, आणि मलाही ते पटत नाही. आत्येभाऊ-मामेभावांकडून लिहून घेतलेलं तर वाचणाऱ्याला लगेच कळतं. कोणी वाईट लिहिलं तर त्याच दिवशी उत्तर दे आणि जमलं तर पुडी बदलून दे.

नोंद झाली की तुला फोन यायला लागतील, ‘पैसे भरा, पहिल्या नंबरवर आणतो.’ माझ्याकडून एकाने असेच चार हजार नेले आणि नंतर त्याचा फोन कधी लागला नाही. छोट्या धंद्यांसाठीची उद्यम नोंदणीही सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्याला सरळ नाही म्हण.

एक गोष्ट मनावर घे. तू लाजतोस. इंजिनियर होऊन चटणी विकतो म्हणून जुने मित्र काय म्हणतील, हे तुझ्या मेसेजच्या दोन ओळींमध्ये मला दिसलं. तुझ्या वहीतलं पहिलं पान त्या मित्रांचंच असू दे. त्यांच्यातले निम्मे पुण्यात एकटे राहतात आणि घरच्या जेवणाला आसुसलेले आहेत. फोन कर आणि सरळ सांग, ‘आईने चटणी केलीय, मी विकतोय, पाव किलो पाठवू का?’ फुकट पाठवू नकोस. पैसे दिले की ते जपून वापरतील आणि खरं काय वाटलं तेही सांगतील.

रविवारी दुपारी चारनंतर ये. वही घेऊन ये, नावं पन्नास होत नसतील तर जितकी होतील तितकी. वाणाच्या पुडीचा एक नमुनाही करून आण. आमच्या भिशीत पंधराजणी आहेत आणि त्यातल्या चौघींचं हळदी-कुंकू मोठं असतं. पुडी हातात घेऊन बघते, आणि त्यांच्याकडे तुला कधी घेऊन जायचं ते ठरवते.

तुझी,
काकू