मणी कौल यांचा 'उसकी रोटी' हा हिंदी चित्रपट इतका संथ का आहे? त्यात नेमकं बघायचं काय?

तुम्ही लिहिलंय की वीस मिनिटांत बंद केला, पात्रं निर्विकारपणे बोलतात, काही घडतच नाही. 'काही घडतच नाही' हे वाक्य मी माझ्या घरात तीस वर्षं ऐकतोय, म्हणून उत्तर देतोय.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. त्यांची दुपारची फेरी आमच्या फाट्यावरून जायची. गाडी जेमतेम मिनिटभर थांबायची, तेवढ्यात मी खिडकीतून डबा द्यायचा. सहावीत असताना एकदा सायकलची चेन पडली आणि मला उशीर झाला. गाडी गेली की यायचीय, सांगायला रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. परतीच्या फेरीपर्यंत चिंचेखाली बसून राहिलो. प्रत्येक ट्रकचा आवाज एसटीचा वाटायचा. दोनदा तर लाल गाडी स्पष्ट दिसली, उठून उभा राहिलो, तर रस्ता रिकामा. वडील काय बोलतील ते डोक्यात दहा तऱ्हांनी बोलून झालं. संध्याकाळी ते आले, डबा घेतला, एक शब्द बोलले नाहीत. भाकरी पार कडक झाली होती.

पुढे पुण्यात शिकायला असताना एका फिल्म क्लबात दादासोबत 'उसकी रोटी' पाहिला. त्यातली बालो नवऱ्याच्या, म्हणजे बस चालवणाऱ्या सुच्चासिंगच्या रोट्या घेऊन रोज थांब्यावर जाते. धाकट्या बहिणीच्या बाबतीत काही विपरीत घडतं, तिला उशीर होतो, बस निघून जाते, आणि ती रात्रीपर्यंत उभी राहते. यातलं खरं घडलेलं किती आणि तिच्या मनातलं किती, हे कौल सांगत नाहीत. त्यांनी कॅमेऱ्याची मुख्यतः दोनच भिंगं वापरली, २८ आणि १३५ मिलिमीटरची. सुरुवातीला एक प्रत्यक्षासाठी, दुसरं मनातल्यासाठी, आणि पुढे ती वाटणीच मोडून टाकली. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी फक्त एवढं कळलं की चिंचेखालून दिसलेली माझी गाडी या माणसाला ठाऊक आहे.

दादा मध्येच उठला. बाहेर म्हणाला, "यापेक्षा फाट्यावर जाऊन बसलो असतो." तो फाट्यावर कधी बसलाच नव्हता. शाळेसाठी तो मामाकडे असायचा, डबा मी न्यायचो.

आणि हाच दादा सवाई गंधर्वला शाल गुंडाळून रात्र रात्र बसायचा. तिथे आलाप चालू असताना कुणी 'पुढे काय झालं' विचारतं का? एकेका स्वराला चारही बाजूंनी बघायचं, हेच तर तिथे चाललेलं असतं. कौल स्वतः रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागरांकडे ध्रुपद, म्हणजे शास्त्रीय संगीताचा एक जुना प्रकार, शिकले आणि १९८२ साली 'ध्रुपद' नावाचा माहितीपट केला. 'उसकी रोटी' त्याच्या कितीतरी आधीचा, १९६९चा, पंचविशीतल्या पोराचा पहिला मोठा चित्रपट. पण स्वरावर थांबायची ती सवय त्यात आहेच. नट सपाट बोलतात तेही मुद्दाम, फ्रेंच दिग्दर्शक ब्रेसाँचा तो प्रभाव. आवाजानं रडून दाखवलं की प्रेक्षक निवांत होतो आणि हात बघायचं सोडतो. तुम्ही हात बघा. कणीक मळणारे, रोट्या बांधलेलं फडकं धरलेले.

ज्यांना गोष्ट पळती लागते त्यांना थांबता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि थांबणं कमी प्रतीचं काम समजणाऱ्यांसाठी घरात दुसरं कुणीतरी थांबलेलं असतं.

अर्थात कौल यांचं सगळंच मला पोचतं असं नाही. हिंदी कवी मुक्तिबोधांवरचा 'सतह से उठता आदमी' दोनदा पाहिला, दोन्ही वेळा अर्ध्यात हातातून सुटला. तुम्ही आधी 'दुविधा' (१९७३) बघा. राजस्थानी लेखक विजयदान देथांची भुताची गोष्ट आहे, ती धरून ठेवते. मग 'उसकी रोटी'. मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर, आणि दर दहा मिनिटांनी घड्याळ बघणारा माणूस शेजारी नको.

दादा आता सत्तरीला आलाय. गेल्या दिवाळीत त्याला पेन ड्राइव्हवर घालून दिला. अजून कपाटातच आहे, असं वहिनी परवा म्हणाली.