वाचकांचे प्रश्न : रॉ फाइल आणि हलका खिसा

प्रश्न : वर्षभर रॉमध्ये फोटो काढतोय. दरमहा वर्गणी भरायची तयारी नाही, म्हणून डार्कटेबल हे मोफत रॉ सॉफ्टवेअर घेतलं. पण कॅमेऱ्यावर छान दिसणारा फोटो तिथे अगदी निर्जीव दिसतो. माझं काही चुकतंय, की शेवटी पैशाचंच सॉफ्टवेअर घ्यावं लागेल?

उत्तर : चुकत काही नाही. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तुम्ही पाहता ती रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेला कच्चा डेटा, नव्हेच. रॉच्या पोटात एक तयार जेपेग असते आणि तिच्यावर कॅमेऱ्याने आपला कॉन्ट्रास्ट, रंग, शार्पनिंग चढवलेलं असतं. डार्कटेबल ते सगळं बाजूला ठेवून सेन्सरच्या डेटापासून सुरुवात करतं.

कॅमेऱ्यासारखेच रंग हवे असतील तर आधी कॅमेरा कंपनीचं सॉफ्टवेअर बघा. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, दोन्ही मोफत आहेत आणि कॅमेऱ्यातलं पिक्चर सेटिंग जसंच्या तसं लावतात. अडचण एवढीच, की ती फक्त आपल्याच कंपनीच्या रॉ फाइल उघडतात आणि फोटोच्या एखाद्याच भागावर काम करायची साधनं तोकडी असतात.

डार्कटेबल सोडायची घाई मात्र नको. बहुतेकांची गल्लत क्रमात होते. दुसऱ्या सॉफ्टवेअरची सवय असलेला माणूस आधी हायलाइट, म्हणजे फोटोतला सगळ्यात उजळ भाग, खाली ओढायला जातो. इथे आधी एक्स्पोजर मॉड्यूल (उजेड कमी-जास्त करण्याचं साधन) घ्या आणि चेहरा किंवा मुख्य विषय नीट उजळेपर्यंत वाढवा. आकाश पांढरं पडलं तरी तूर्त पडू द्या. मग सिग्मॉइड किंवा फिल्मिक आरजीबी (उजळ-गडद भाग स्क्रीनला झेपतील असे बसवणारी मॉड्यूल), दोन्हींपैकी एकच, चालू ठेवून आकाश परत आणा. दोन्ही एकदम लावलीत तर कॉन्ट्रास्ट दुप्पट चढतो आणि फोटो चिखलासारखा होतो. शेवटी कलर बॅलन्स आरजीबीमध्ये रंग थोडे गडद करा. आकाश कशानेच परत येत नसेल, तर ते फोटो काढतानाच जळलेलं आहे. महागडं सॉफ्टवेअरही ते आणणार नाही.

पैसे भरण्याआधी एक चाचणी करा. आपलेच दहा फोटो निवडा : उन्हातले दोन, जास्त आयएसओचे तीन, माणसांचे तीन, दोन वाइड अँगलचे. तेच दहा डार्कटेबलमध्ये, रॉथेरपी या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आणि पैशाच्या सॉफ्टवेअरच्या ट्रायलमध्ये करा. घड्याळ लावून करा. वाइड अँगलच्या फोटोंत तुमची लेन्स ओळखली जाते का, हे मुद्दाम तपासा. डार्कटेबल आणि रॉथेरपी लेन्सची माहिती मुख्यतः लेन्सफन नावाच्या डेटाबेसमधून घेतात. अगदी नवी लेन्स त्यात नसली तर कडा वाकड्या राहू शकतात. मिररलेसच्या बऱ्याच लेन्स सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीवर विसंबूनच बनवलेल्या असतात, तिथे हे फार खटकतं. कॅमेरा इतका नवा असेल की रॉ उघडतच नाही, तर अडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरमधून फाइल डीएनजी या सर्वसाधारण रॉ प्रकारात बदलून पाहा.

आता वर्गणीचा मुद्दा. लाइटरूम या अडोबीच्या रॉ सॉफ्टवेअरची एकदाच पैसे भरून मिळणारी शेवटची आवृत्ती २०१५ची सहावी. आताच्या लाइटरूम क्लासिकची वर्गणी थांबली की फोटो दिसतात, एक्सपोर्टही होतात, पण डेव्हलप मॉड्यूल, म्हणजे एडिटिंगचा मुख्य भाग, बंद पडतं. आमच्या मते किमतीपेक्षा हे आधी बघावं, कारण एका सॉफ्टवेअरमधलं एडिटिंग दुसऱ्यात जसंच्या तसं उतरत नाही. सोडून जायची वेळ आलीच, तर निवडक फोटो एडिटिंगसकट १६ बिट टिफ (कुठेही उघडणारी चित्रफाइल) करून ठेवा. २४ मेगापिक्सेलचा एक फोटो कॉम्प्रेशनशिवाय साधारण १४४ एमबी होतो, तेव्हा सगळेच करायला जाऊ नका.

आणि हो, डार्कटेबलचं एडिटिंग रॉशेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्येही राहतं. बॅकअप घेताना किंवा फोल्डर आवरताना त्या ‘फालतू’ फाइली उडवू नका.

प्रश्न : गिंप हे मोफत फोटो एडिटर घेतलं तर वेगळं रॉ सॉफ्टवेअर लागेल का?

उत्तर : लागेल. गिंप रॉ स्वतः उघडत नाही. डार्कटेबल किंवा रॉथेरपी बसवलेलं असेल तर त्यांच्यामार्फत उघडतं. उजेड, रंग, नॉइज रॉमध्येच आटपा. तार पुसणं, दोन फोटो जोडणं, अक्षरं टाकणं, एवढ्यासाठी गिंप. २०२५च्या ३.० आवृत्तीपासून फिल्टर मागाहून बदलता येतात, त्यामुळे जुने व्हिडिओ पाहून शिकत असाल तर तारीख बघा.

प्रश्न : एडिटिंगमध्ये रंग भरगच्च, फोनवर पाठवला की विटलेले. का?

उत्तर : एक्सपोर्टमध्ये कलर प्रोफाइल (फाइलमधले रंग कसे दाखवायचे ते सांगणारी नोंद) अडोबी आरजीबी किंवा प्रोफोटो राहिलं असेल. ते एसआरजीबी, म्हणजे फोन आणि वेबसाठीचं नेहमीचं प्रोफाइल, करून पुन्हा पाठवा. तरीही फरक उरला, तर मॉनिटरचा ब्राइटनेस आणि ‘व्हिव्हिड’ मोड तपासा.