सायकलचं दुखणं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चढावर जोर लावला की माझ्या सायकलमधून ‘कट्’ असा आवाज येतो. सायकल चालवणाऱ्या ओळखीच्या पाच जणांना विचारलं, फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. एक म्हणाला बॉटम ब्रॅकेट (दोन्ही पेडलांमधला आस ज्यात फिरतो ते बेअरिंग) गेला, दुसरा म्हणाला चेन, तिसरा म्हणाला मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग. चौथ्याला फ्रेमला तडा गेल्याची शंका आली. पाचवा म्हणाला, दुर्लक्ष करा. मी बॉटम ब्रॅकेट बदलला, मग चेनही बदलली. आवाज तसाच. बसून चालवा नाहीतर उभं राहून, उजवा पाय खाली जाताना हटकून येतो. आता कोणाचं ऐकू?

उत्तर : अजून तरी कोणाचंच नको. ती माणसं काही खोटं बोललेली नाहीत. आपल्या सायकलला कधीतरी झालेलं दुखणं चौघांनी तुमच्या सायकलला लावलं, आणि पाचवा घाईत असावा. पण त्यांनी तरी काय करावं? फ्रेमच्या नळ्या पोकळ असतात. सीटखाली झालेला आवाज पायाशी ऐकू येतो आणि पायाशी आवाज आला की आळ बॉटम ब्रॅकेटवर. काहीही गुन्हा नसताना बदलले गेलेले किती बॉटम ब्रॅकेट मी पाहिलेत, त्याची गणती नाही. रेकॉर्डिंगचं म्हणाल, तर त्यात वारा आणि तुमची धाप एवढंच नीट ऐकू येतं.

अशा वेळी आवाज मोजायचा असतो. पेडलच्या दर फेरीला एकदा येतो का? मग पेडल, क्रँक (पेडल ज्याला बसतं तो दांडा), चेनव्हीलचे (पुढच्या दातेरी चक्राचे) बोल्ट किंवा तो बॉटम ब्रॅकेट. सीटवरून उठल्यावर थांबतो का? मग सीट नाहीतर सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा. पाय थांबवून सायकल नुसती सोडली तरी येत असेल तर चाकाकडे बघायचं. आणि जेमतेम तीन फेऱ्यांना एकदा येत असेल तर चेनची एखादी कडी आखडली आहे. हे शेवटचं ऐकून लोक माझ्याकडे जादूगारासारखं बघतात, पण हिशेब साधा आहे. चेनला 112 कड्या आणि पुढे 40 दात्यांचं चेनव्हील असेल, तर तीच कडी पुन्हा चेनव्हीलवर यायला पेडलच्या 2.8 फेऱ्या लागतात. खडूने एका कडीवर खूण करा आणि पेडल हाताने फिरवून बघा.

आता तुमच्या पत्रातली ती शेवटची ओळ : बसून किंवा उभं राहून, उजवा पाय खाली जाताना. ही ओळ त्या पाच जणांपैकी एकाला तरी सांगितली होती का? माझी खात्री आहे, नसणार. त्या ओळीने सीट, सीटपोस्ट आणि चेन निर्दोष सुटले. मी सुरुवात उजव्या पेडलपासून करीन. 15 मिलिमीटरच्या पान्याने पेडल काढा (काही पेडलना क्रँकच्या आतल्या बाजूने ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी, लागते). पेडलचे आणि क्रँकचे आटे जुन्या ब्रशने साफ करा, ग्रीस लावा, पुन्हा घट्ट आवळा आणि त्याच चढावर जाऊन या. आवाज राहिला तर चेनव्हीलचे बोल्ट, त्यानंतर क्रँकचा बोल्ट. एका वेळी एकच काम, प्रत्येक कामानंतर एक चढ. तिन्ही कामं एकाच दुपारी उरकलीत तर आवाज जाईलही, पण कशाने गेला ते कळणार नाही, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर परत मला पत्र लिहाल.

फोटो पाठवणार असाल तर आधी पुसू नका. लोक सायकल चकाचक करून फोटो काढतात आणि पुरावा फडक्यासोबत जातो. धूळ बसलेल्या जोडावर एखादी चकचकीत रेघ दिसली, तर तिथे काहीतरी हलतंय. बोल्टच्या कडेने गंजाचा तपकिरी ओघळ दिसला, तर तिथे पाणी शिरलंय. मला सायकलचा रुबाब बघायचा नसतो, तिची घाण बघायची असते.

आणि काय निघालं ते त्या पाचही जणांना कळवा. बहुतेक लोक काम झालं की गप्प बसतात. मग सांगणारा जन्मभर बॉटम ब्रॅकेटच सांगत राहतो.

प्रश्न : काका, मी कॉलेजात आहे. मित्रमंडळींत सायकलचं काही बिघडलं की मलाच विचारतात. परवा एका मैत्रिणीने टायर कोणता घेऊ विचारलं, मी म्हटलं 26 इंची. तिने आणला, तो रिमवर बसतच नाही! आता सगळे मला ‘सव्वीस इंच’ म्हणतात. सल्ला देणं बंद करू का?

उत्तर : बंद नको करूस, पण टायर विकत घ्यायच्या आधी जुन्या टायरच्या भिंतीवरचे आकडे वाचायला सांग. 26 इंच हे नाव आहे, माप नाही. 26 × 1.95 टायरवर बारीक अक्षरात 559 सापडेल, 26 × 1 3/8 वर 590. ते रिमवर टायर बसतो तिथला व्यास सांगतात, मिलिमीटरमध्ये. दोन्ही 26 इंची, आणि फरक 31 मिलिमीटरचा. तिची रिम 590 ची आणि आणलेला टायर 559 चा असणार. उलट गंमतही आहे : 700सी आणि 29 इंच ही नावं वेगळी, पण दोन्हीकडे आकडा 622. तेव्हा तो तीन आकड्यांचा नंबर जुळला पाहिजे, आणि मग रुंदी.

आता माझं ऐक, म्हणजे तुझं दुःख हलकं होईल. एका मुलाने फोन केला, पेडल निघत नाही म्हणून. मी जेवत होतो. म्हटलं, घड्याळाच्या उलट फिरव, तेल सोड, तरी नाही हललं तर पान्याला पाईप लाव. कोणत्या बाजूचं पेडल, हे मी विचारलंच नाही. पेडल होतं डावं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने सैल होतं. पोरगं पाईपवर उभं राहून ते आवळत होतं. दोन दिवसांनी त्याने क्रँक माझ्यासमोर ठेवला. भोकातून ॲल्युमिनियमची चांदीसारखी बारीक वेटोळी लोंबत होती, आटे सपाट. नवा क्रँक मी दिला, वर बोलणंही खाल्लं.

तेव्हापासून मी घड्याळाचं नाव काढत नाही. पान्याचा दांडा वरच्या बाजूला धर आणि मागच्या चाकाकडे ओढ, एवढंच सांगतो. ते दोन्ही पेडलना लागू पडतं. आणि सांगण्याआधी मी निदान दोन प्रश्न विचारतो : कोणती बाजू? आणि हे सुरू व्हायच्या आधी कशाला हात लावला होता? दुसऱ्या प्रश्नाला लोक जरा लाजतात, पण निम्म्या वेळा दुखणं तिथेच असतं.

गिअरची केबल, सीटची उंची, चेनचं तेल यावर बिनधास्त सांग. चुकलं तर परत पहिल्यासारखं करता येतं. ब्रेक, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), हँडलचा स्टेम (हँडल धरून ठेवणारा तुकडा) किंवा कार्बनच्या भागाला पडलेली रेघ असेल, तर फोटो बघून ‘काही होत नाही’ म्हणायचं नाही. चालवू नको, जाणत्या मेकॅनिकला दाखव, एवढंच म्हणायचं. भित्रा म्हणतील. ‘सव्वीस इंच’पेक्षा बरं.

प्रश्न : हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये तेल कमी झालंय. मित्र म्हणतो, गाडीचं ब्रेक ऑइल चालतं. चालतं का?

उत्तर : ब्रेकच्या दांड्यावर किंवा टाकीच्या झाकणावर बघा. तिथे ‘मिनरल ऑइल’ लिहिलं असेल तर गाडीचं डॉट तेल (ज्या ब्रेक ऑइलच्या बाटलीवर DOT आणि नंबर असतो ते) थेंबभरही नको. आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक जातो. डॉट लिहिलं असेल तर जो नंबर लिहिलाय तोच, नव्या सीलबंद बाटलीतला, आणि रंगावर सांडू देऊ नका. ओतून झालं असेल तर सायकल बाहेर काढू नका. तेल बदलून भागणार नाही, सीलही बदलावे लागतील.