एडिंबराला फ्रिंज हा रंगमहोत्सव पाहायला पहिल्यांदा जाताय?

पहिली गोष्ट, सगळं पाहायचा हट्ट सोडा. ऑगस्टमध्ये तीनेक आठवडे हजारो प्रयोग असतात, आणि कोणतीही निवड समिती नसते. 1947 साली तिथल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाला आठ नाटकमंडळी बोलावणं नसताना आली, प्रयोग करून गेली. तीच प्रथा अजून चालू आहे. म्हणजे उत्तम आणि भिकार, दोन्ही शेजारच्याच दारात.

नवं नाटक शोधायचं तर मी आधी ट्रॅव्हर्स आणि समरहॉल या दोन नाट्यस्थळांचा कार्यक्रम वाचतो. ट्रॅव्हर्स 1963 पासूनचं, नव्या लेखनासाठीच ओळखलं जाणारं. मग 'द स्कॉट्समन' या वृत्तपत्राचे फ्रिंज फर्स्ट पुरस्कार. ते नव्या नाटकांनाच मिळतात आणि महोत्सव चालू असतानाच जाहीर होतात. यादी आली की त्याच दिवशी तिकीट काढा, संध्याकाळपर्यंत थांबू नका. पुढे टीव्ही मालिका झालेलं 'फ्लीबॅग' 2013 मध्ये फ्रिंजमध्येच, एका बाईच्या एकपात्री प्रयोगाच्या रूपात आलं होतं.

पोस्टरवर छापलेल्या समीक्षणांच्या ताऱ्यांना भुलू नका. ते कोणी दिलेत ते बारीक अक्षरांत वाचा. रॉयल माइल या जुन्या शहरातल्या रस्त्यावर पत्रकं वाटणारा बहुधा नटच असतो, त्याला विचारा, "लिहिलंय कोणी?" उत्तर देताना त्याचे डोळे चमकले तर मी जातो. (दोनदा साफ फसलोय.)

सुरुवातीचे प्रिव्ह्यू, म्हणजे अधिकृत शुभारंभाआधीचे प्रयोग, स्वस्त असतात. प्रयोग साधारण तासाभराचे, आपल्या एकांकिकांसारखे, त्यामुळे दिवसाला तीन बास. मधे चालायला वेळ ठेवा. चढ फार आहेत आणि उशीर झाला तर बहुतेक ठिकाणी आत सोडत नाहीत. छत्रीपेक्षा रेनकोट बरा.