खुपरी नेपोलियनच्या सैनिकांनी युरोपात नेली का?

प्रश्न : नेपोलियनचं सैन्य इजिप्तला गेलं आणि डोळ्यांची खुपरी घेऊन युरोपात परतलं असं वाचलं. याला पुरावा आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खुपरी (ट्रॅकोमा) म्हणजे पापणीच्या आत दाणे आणणारा डोळ्यांचा संसर्ग. इजिप्तमध्ये ती फार जुनी आहे हे मान्य, पण युरोपला ती तिथूनच मिळाली हे मला अजिबात पटत नाही.

एबर्स पपायरस म्हणून इ.स.पू. १५५० च्या आसपासची वैद्यकीय गुंडाळी आहे, सध्या जर्मनीत लाइपझिगला असते, त्यात डोळ्यात टोचणारे पापणीचे केस उपटा आणि परत उगवू नयेत म्हणून तिथे वटवाघळाचं रक्त लावा असा उपाय दिलाय. आता डोळे काय, कशानेही लाल होतात, पण खुपरी वारंवार झाली की पापणीच्या आत व्रण पडत जातात, पापणी आत वळते आणि केस बुबुळावर घासत राहतात, माणूस शेवटी आंधळा होतो. केस आत वळायला इतर कारणंही असतात, तरी मला हाच पुरावा सगळ्यात बोलका वाटतो.

पण ग्रीसमध्येही हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथात काठीला लोकर गुंडाळून पापणी आतून खरवडायला सांगितलंय! म्हणजे नेपोलियनच्या दोन हजार वर्षं आधीच युरोपात असलं काहीतरी होतंच ना.

१७९८ ला फ्रेंच सैन्य इजिप्तमध्ये उतरलं, १८०१ ला इंग्रज, आणि दोघांचेही सैनिक डोळे येऊन पटापट आजारी पडले. जॉन व्हेच या लष्करी डॉक्टरने १८०७ मध्ये लिहून ठेवलंय की सातशेच्या वर माणसं असलेल्या एका बटालियनमध्ये वर्षभरात ६३६ जणांना ही साथ लागली, ५० जणांचे दोन्ही डोळे गेले, ४० जणांचा एक. आकडे वाचून पोटात गोळा येतो. पण नुसती खुपरी इतक्या झपाट्याने आंधळं करत नाही, तिला वर्षं लागतात, त्यामुळे त्या साथीत पू येणारे दुसरे संसर्ग, बहुतेक परम्याचासुद्धा (गनोरिया), मिसळलेले असणार. बराकीत दाटीवाटीने राहणं, एकच टॉवेल, एकच पाणी, मग काय होणार!

त्या साथीचं नक्की निदान करायचं तर खुपरीचा जंतू दिसायला हवा, आणि तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला चीनच्या तांग फेइफान यांच्या टीमने, थेट १९५० च्या दशकात. त्यामुळे सैन्याने साथ पसरवली, भडकवली म्हणा हवं तर, पण आणली म्हणू नका.