टाइल्ससाठी दीड लाखाचं टॉप-अप? आधी कोटेशन उलगडून बघू

पारोळ्याजवळच्या एका गावातून शिक्षक असलेल्या वाचकाचं पत्र आलंय. घराचं ९०० चौरस फुटांचं फरशीकाम उरलंय आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वास्तुशांत करायची आहे. ठेकेदाराच्या करारात ४५ रुपये फुटाची दोन बाय दोन टाइल धरलेली होती. दुकानात जाऊन आल्यावर घरात सगळ्यांना चार बाय दोनची चकचकीत टाइल हवी झाली, दारापुढच्या ओट्यापासून बाथरूमपर्यंत एकच. फरक दीड लाखाचा. गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जावर वाढीव कर्ज, घ्यावं की चार लाखांची एफडी मोडावी, असं त्यांनी विचारलंय. पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावी तशी, आईंची तक्रार आहे: "पाय सरकना तं माले कोन उचली?" (पाय घसरला तर मला कोण उचलणार?)

सर, मी दोन्हींना नाही म्हणणार आहे. का, ते सांगतो.

दीड लाखाचं टॉप-अप साडेनऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १,५६६ रुपये पडतो. तेवढ्याने काही बिघडत नाही असं वाटतं खरं, पण पंधरा वर्षांत २ लाख ८२ हजार भरून होतात. "टॅक्समध्ये वाचतात ना" हे तुम्हाला बँकेत सांगितलं असेल. तुम्ही नव्या कररचनेत असाल तर स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावट मिळत नाही, त्यामुळे तो मुद्दा तिथेच संपला. आणि एफडी? घर बांधताना हातात राहिलेली ती एकमेव रोकड. आई सत्तरीच्या, मुलगी बारावीला. एफडीला हात लावू नका.

आता कोटेशन. टाइलचा फरक फुटाला ६० रुपये, मजुरीचा २०, टाइल चिकटवायच्या केमिकलचे ३५, म्हणजे ११५. गुणिले ९०० केलं की १,०३,५०० होतात. मग वरचे ४६,५०० कसले? कागदावर "वाहतूक, वेस्टेज व इतर" एवढंच. दहा टक्के वेस्टेज १०५ च्या भावाने धरलं तरी ९,४५०. भावात १८ टक्के जीएसटी नसेल तर फरकावर ९,७२० आणखी. अगदी सढळ हाताने मोजून १९ हजार होतात. उरलेल्या २७ हजारांची फोड लेखी मागा. गुजरातमधल्या मोरबीहून पारोळ्यापर्यंत येणाऱ्या मालाला भाडं लागतंच, पण त्याचा आकडा असतो. "इतर"ला नसतो.

पेटीकडेही नीट बघा. ज्याला आपण दोन बाय दोन म्हणतो ती ६०० मिलिमीटरची असते, पूर्ण दोन फूट नाही. चार नगांची पेटी १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा फूट. चार बाय दोनच्या दोन नगांचंही तेच. बरेच दुकानदार १६ धरतात. अठ्ठावन्न पेट्यांत २९ फुटांचे पैसे, म्हणजे तीन हजार, असेच जातात.

आता खोल्या. हॉल तुमचा २२० फुटांचा. पाहुणे तिथे बसणार, तिथे हौस करा. चार बाय दोन, ११५ चा फरक, २५,३०० रुपये. दोन बेडरूम आणि पॅसेज मिळून ३००. तिथे करारातलीच दोन बाय दोन चालेल, फक्त ती व्हिट्रिफाइड (भट्टीत काचेसारखी घट्ट झालेली) आहे ना हे पेटीवर वाचून घ्या आणि केमिकलवर बसवा. त्याचे १०,५००. स्वयंपाकघर १३० फुटांचं. भरिताचं तेल आणि काळ्या मसाल्याची तर्री जिथे सांडणार तिथे चकचकीतही नको आणि खरखरीतही नको, खरखरीत टाइलमध्ये तेल रुतून बसतं. सॅटिन फिनिशची डबल चार्ज घ्या. डबल चार्जमध्ये वरचा रंगाचा थर तीनेक मिलिमीटर असतो, नुसती छपाई नसते, त्यामुळे घासून घासून नक्षी उडत नाही. फुटाला १५ जास्त आणि केमिकलचे ३५ धरून ६,५००. कोटा घालावा असं वहिनींचं म्हणणं दिसतंय. दगड मजबूत आहे, पण चुनखडीचा. लिंबू सांडलं की डाग पडतो आणि ॲसिडने धुतला की पॉलिश गेलं. मी कोटा दारापुढच्या ओट्यावर घालीन, तोही पॉलिश न करता. ओटा आणि जिना मिळून १८० फूट, करारातल्या पैशांत बसेल.

बाथरूम-संडासची जमीन फक्त ७० फूट, आणि तुमच्या आईंचा प्रश्न तिथलाच आहे. चकचकीत टाइल साबणाच्या पाण्यात कशी होते हे सांगायला नको. तिथे लहान मापाची अँटीस्किड टाइल घ्या, एक फुटी, आर-१० किंवा आर-११ (न घसरण्याची प्रत) लिहिलेली. लहान टाइलला सांधे जास्त, त्यामुळे पायाला पकड मिळते आणि जाळीकडे उतारही नीट काढता येतो. मोठी टाइल उतारासाठी कापावी लागते. टाइल स्वस्तच येईल, वाचलेल्यात १५ हजार घालून खालचं वॉटरप्रूफिंग आणि भिंतीला धरायचे दांडे करून घ्या. एकूण झाले ५७,३००.

केमिकलवर मी का अडून बसलोय, ते सांगतो. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या रबडीला ती धरत नाही. माझ्या जळगावच्या घरात मिस्तरीने सांधा न ठेवता टाइलला टाइल भिडवून बसवली होती, "फटी दिसत नाहीत, भारी दिसतं" म्हणून. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात, दुपारी तीनला, फटाका फुटावा तसा आवाज आला. बाहेर येऊन बघतो तर हॉलच्या मधोमध चार टाइल तंबूसारख्या उभ्या! उन्हाने फुगल्या, जागा मिळाली नाही, खालून सुटल्याच होत्या. तसल्याच टाइल शोधायला गेलो तर ती बॅच बंद. आजही तिथे चार टाइल वेगळ्या रंगाच्या आहेत आणि त्यावर सतरंजी. तेव्हा दोन-तीन मिलिमीटरचा सांधा ठेवायला लावा, सगळ्या पेट्यांवर बॅच आणि शेड नंबर एकच आहे का बघा, आणि दोन पेट्या माळ्यावर जपा. काम झाल्यावर रुपयाने ठोकून बघा. पोकळ आवाज आला की मिस्तरीचे पैसे चुकते करण्याआधीच ती टाइल उचलून परत बसवून घ्या.

तुमच्याकडे जमीन काळी. पीसीसी (फरशीखालचा काँक्रीटचा थर) व्हायची आहे असं लिहिलंय, तर खोदकामातली काळी माती जोत्यात परत टाकली नाही ना, हे आज जाऊन बघा. तिथे हवं ते मुरूम, पाणी, धुमस. ती माती पावसाळ्यात फुगली की वरची फरशी ४५ ची असो की १०५ ची, दोन्ही सारख्याच उखडतात.

पैसे कुठून? पतपेढीतली तुमची आरडी मार्चमध्ये सुटतेय, ६५ हजारांची. ती सोफ्यासाठी ठेवलीय म्हणता. सोफा दिवाळीला आणता येतो. फरशी उखडून परत घालणारा मी अजून पाहिलेला नाही. फुटलेले पांढरे तुकडे मात्र टाकू नका. गच्चीवर चायना मोझॅक करायला उपयोगी पडतात, आणि आपल्याकडच्या उन्हात स्लॅब तापायचा थोडा तरी कमी होतो.

बाथरूमची टाइल ठरवण्याआधी दुकानातून एक नग घरी आणा. साबणाचं पाणी ओता आणि आईंच्या आधी तुम्ही अनवाणी उभे राहून बघा.